कापसाच्या पैशातून घेतलेला जुना एव्ही रिसीव्हर: नऊ महिन्यांनंतर

गेल्या डिसेंबरात पहिल्या वेच्याचा कापूस विकला, खताची उधारी मिटवली आणि उरलेल्यातून 19 हजाराला एक वापरलेला यामाहा आरएक्स-व्ही385 एव्ही रिसीव्हर घेतला, म्हणजे टीव्ही-लॅपटॉपचा आवाज घेऊन वेगवेगळ्या स्पीकरांना ताकदीने वाटून देणारं मशीन. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. इथे होम थिएटर म्हटलं की लोक सरळ साउंडबार घेतात, नाहीतर तालुक्याच्या दुकानातला रंगीत दिव्यांचा डबा. मलाही असाच एक डबा दाखवला होता, 'हजार वॅट'चा, किंमत 16 हजार. तो घेतला नाही ते बरं झालं.

वॅटच्या आकड्यानेच बहुतेकांची फसगत होते. खोक्यावर छापलेले हजार वॅट म्हणजे क्षणभराचा, फाटलेला आवाज मोजून काढलेला आकडा. माझ्या रिसीव्हरच्या कागदावर चॅनलमागे (म्हणजे एका स्पीकरमागे) फक्त 70 वॅट लिहिलेत. पण ते 6 ओहमच्या (स्पीकरच्या विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरवर, दोन चॅनल एकाच वेळी चालवून, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झपर्यंत आणि 0.09 टक्के विकृतीच्या (आवाज फाटण्याच्या) आत मोजलेले. आवाज 3 डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वॅट लागतात, म्हणून 70 आणि 80 वॅटमधला फरक कानाला जवळजवळ कळतच नाही. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. 90 डेसिबलचा स्पीकर निम्म्या वॅटमध्ये 87 वाल्याइतका वाजतो.

हा मिळायला दोन महिने गेले. पहिला सापडला होता अवघ्या 12 हजारात, दिसायला कोरा. मागची पट्टी वाचली तर 120 व्होल्ट. परदेशातून आलेला माल. आपल्या 230 व्होल्टवर चालवायचा तर वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि कुणी विसरून थेट लावला की संपलं. दुसऱ्यासोबतचा, खोली मोजायचा मायक्रोफोन हरवला होता. कुठलाही माइक लावून ऑटो सेटअप (स्पीकर आपोआप जुळवणं) नीट होत नाही, त्या मशीनसाठी जुळवलेलाच लागतो. विकणारे या गोष्टीला 'छोटीशी वस्तू' म्हणतात, पण तिच्यापायी मी किमतीतून तीनेक हजार कमी करायला सांगितले असते.

हा तिसरा नागपूरच्या एका गृहस्थांकडे होता. त्यांना छतातल्या स्पीकरांतून वरूनही आवाज देणारा अ‍ॅटमॉसवाला हवा होता, म्हणून 5.1 चा (पाच स्पीकर आणि एक वूफर चालवणारा) विकायला काढला. स्वस्तात चांगली वस्तू मिळते ती अशाच वेळी. हे मॉडेल 2018 चं. नंतर 8के आलं, एचडीएमआयचे नवे प्रकार आले, की जुन्याचा भाव पडतो. पण आतला अ‍ॅम्प्लिफायर काही म्हातारा होत नाही, आणि आपल्या घरी तर 4केच पुष्कळ. मी लॅपटॉप घेऊन गेलो. चारही एचडीएमआय इनपुट लावून बघितले, पाचही चॅनल एकेक करून वाजवले, आवाजाचं बटण हळूहळू फिरवून खरखर येते का ते ऐकलं. मूळ बिल आणि माइक बघितल्यावरच पैसे दिले. पावणेआठ किलोचं ते खोकं एसटीत मांडीवर घेऊन आलो, डिकीत टाकायची हिंमत झाली नाही.

बसवायच्या दिवशी वायपीएओ चालवलं, म्हणजे माइक ठेवून रिसीव्हरला खोली मोजू द्यायची. बाबा बसतात त्या खुर्चीच्या जागी तिवई ठेवली, तिच्यावर कानाच्या उंचीला माइक. पंखा बंद, बकरी बाहेर, पोट्टे चिडीचूप. स्पीकरांमधून सूंऽऽ करून आवाज गेले आणि दोन-तीन मिनिटांत सगळं जुळलं. फक्त वूफरचा (जाड आवाजाच्या स्पीकरचा) आवाज मला हाताने बराच खाली आणावा लागला. आमचं छप्पर टिनाचं, थोडा बेस वाढला की पत्रे खडखडतात. एका पत्र्याच्या हुकात रबराचा तुकडा सारला, तेव्हा कुठे थांबलं.

घेतल्याचं खरं सार्थक सेंटर स्पीकरने केलं. बाबांना ऐकू कमी येतं. टीव्हीचा आवाज चाळीसवर नेला तरी संगीत अंगावर येई आणि बोलणं कळत नसे. 5.1 मध्ये बहुतेक संवाद मधल्या स्पीकरातून येतात, म्हणून मेनूत जाऊन फक्त तेवढाच 3 डेसिबलने वाढवला. फ्री डिशवरच्या साध्या स्टिरिओ आवाजातूनही रिसीव्हर संवाद वेगळे काढून मधे पाठवतो. दुसऱ्या दिवशी बातम्या बघता बघता बाबा म्हणाले, "आता कोण काय म्हणते ते समजून राह्यलं." यानंतर मला 19 हजाराचा हिशोब कुणाला द्यायची गरज वाटली नाही.

आता आपल्याकडच्या विजेचं. संध्याकाळी माझ्या मीटरवर व्होल्टेज 175 पर्यंत उतरतं, रात्री उशिरा 245 च्या वर जातं. स्टॅबिलायझर पहिल्याच दिवशी घ्या आणि त्याचे पैसे रिसीव्हरच्या किमतीतच धरा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर चालवू नका. ट्रान्सफॉर्मर घुंघुं करतो, मी एकदा ऐकून लगेच बंद केला. मे महिन्यात पारा 45 वर असताना शोकेसच्या बंद खणात ठेवलेला रिसीव्हर मधेच बंद पडला. बाहेर उघड्यावर, वर हात जाईल एवढी जागा सोडून ठेवला तेव्हापासून एकदाही नाही. धूळ मात्र आठवड्याला पुसावी लागते, कापसाच्या घरात तंतू जाळीत जाऊन बसतात.

मोठं नुकसान झालं मृगाच्या पहिल्या वादळात. मी पिन काढली होती, पण छत्रीची केबल आणि सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय तशीच राहिली. वीज जवळच पडली, बॉक्स जळाला आणि रिसीव्हरचा एक इनपुट त्याच्यासोबत गेला. उरलेले तीन चालू आहेत. दुरुस्तीवाल्याने बोर्डच बदलावा लागेल म्हणून सांगितलं, तो खर्च मी केला नाही. आता ढग गडगडले की आधी छत्रीची केबल निघते, मग पिन.

उणिवा आहेत. वायफाय नाही, गाणी ब्लूटूथने नाहीतर पेनड्राइव्हवरून ऐकायची, सिनेमा मात्र त्या यूएसबीतून चालत नाही. टीव्हीचा आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआयच्याच तारेतून उलटा रिसीव्हरला आणाल तर डीटीएस या प्रकारच्या आवाजाच्या सिनेमा-फाइलींना बऱ्याच टीव्हीतून आवाज मिळत नाही, मी लॅपटॉप थेट रिसीव्हरला जोडतो. स्पीकरची वायर घेताना चाकूने खरवडून आतून बघा. तांब्याच्या रंगाखाली पांढरं दिसलं तर ते अ‍ॅल्युमिनियम. मागच्या स्पीकरांची माझी तशीच निघाली, कापूस आला की बदलणार आहे.