टाइम टायमर: दत्तक आलेल्या, एडीएचडीची शंका असलेल्या मुलासाठी घ्यावा का?

‘अजून पाच मिनिटं’ म्हणजे किती, हे चार-पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची, शंका असेल तर आणखीच अवघड. या टायमरवर तीच पाच मिनिटं डोळ्यांना दिसतात: बटण फिरवलं की लाल चकती उघडते आणि वेळ सरेल तशी मिटत जाते. आकडे न येणारं मूलही तो वापरू शकतं. अमेरिकेतल्या जॅन रॉजर्स यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठी तो बनवला होता.

घराला ६० मिनिटांचं ‘मॉड’ नावाचं छोटं मॉडेल पुरतं. एक एए सेल लागतो आणि चकतीवर पारदर्शक झाकण असतं. चावीचे स्वस्त टायमर सतत टिकटिकतात, मुलाचं लक्ष तिकडेच जातं. शिवाय त्यातल्या बऱ्याच टायमरांत कमी वेळ लावताना चाक आधी पूर्ण फिरवून मागे आणावं लागतं, नाहीतर घंटी वाजत नाही.

उणिवा आहेत. ६०च्या तबकडीवर २ मिनिटं म्हणजे बारीकशी चीर, त्यामुळे दात घासायला वाळूचं घड्याळ बरं. आणि आकडे उलटे जातात: भिंतीवरच्या घड्याळात जिथे ९, तिथे इथे १५. घड्याळ शिकणाऱ्या मुलासमोर दोन्ही शेजारी लावू नका.

पण सगळं अवलंबून आहे ते वापरावर. माणसं आणि घर एकदा बदललेल्या मुलाला काहीही संपणं जड जातं. म्हणून सुरुवातीला टायमर फक्त हव्याहव्याशा गोष्टींसाठी लावा: गोष्ट सुरू व्हायला, आई अंघोळ करून यायला. चकती मिटण्याआधी आई आलीच पाहिजे, तेव्हा १० मिनिटं लागणार असतील तर १५ लावा. खेळ थांबवायला तो नंतर वापरा. बटण मुलालाच फिरवू द्या, थोडं लाल उरलं की जवळ जाऊन पुढे काय करायचं ते सांगा. आवाजाला दचकणारं मूल असेल तर बीप बंद ठेवा. कोपऱ्यात एकटं बसवण्याच्या शिक्षेसाठी तर तो कधीच लावू नका. एकटं पडण्याची भीती या मुलांच्या मनात आधीच असू शकते. ती टायमरला चिकटली की तो पुन्हा उपयोगाचा राहत नाही.

टायमरचा उपयोग झाला किंवा नाही झाला, त्यावरून निदान करू नका. मनातली धास्ती, अपुरी झोप, घरातली नवी भाषा, यांनीही मूल असंच अस्थिर दिसतं. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी दिसावी लागतात. सहा वर्षांखाली पहिला उपचार औषध नसून पालकांचं प्रशिक्षण असतं. कुठल्या कामात मूल किती मिनिटं टिकलं, हे मात्र वहीत लिहा. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना ती नोंद दाखवा, आणि दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला येणाऱ्या समाजसेविकेलाही.

फोनवर ॲप मिळतं, पण फोन समोर आला की मुलाला व्हिडिओच हवा असतो. पैसे घालायचे तर टायमरवरच घाला.