जमिनीवरची कापसाची गादी: सातव्या महिन्यातली सगळ्यात कामाची खरेदी

आमची ओवी सव्वादोन वर्षांची आणि मला सातवा संपत आलाय. गेले दोन महिने ती रात्री चार-चार वेळा उठतीये, मागच्या दाढा येतायत, हिरड्या नुसत्या सुजलेल्या. तिचा लाकडी कॉट तिच्या सहाव्या महिन्यात घेतलेला, तेव्हा छानच होता, पण आता ती त्यात उभी राहून कठडा हलवते आणि "आई घे, आई घे" करून रडते, आणि मी हे एवढं पोट घेऊन कठड्यावरून वाकून बारा किलोचं लेकरू उचलायचं. खांद्यावर घेतलं की झोपणार, खाली ठेवलं की टक्क जागी. तीन वाजता मी पण रडायचे तिच्याबरोबर, खरं सांगते.

डॉक्टरांशी बोलले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. झोपेत मधेमधे अर्धवट जाग सगळ्यांनाच येते, मोठ्यांनाही, पण डोळा लागताना जे जवळ होतं ते जाग आल्यावर नसलं की मूल घाबरतं आणि तेच शोधायला लागतं. खांद्यावर झोपलेलं मूल उठल्यावर खांदाच शोधणार ना. म्हणजे झोपायची आणि उठायची जागा एकच हवी, आणि तिथे मला न वाकता तिच्याजवळ पडता आलं पाहिजे. तेव्हा म्हटलं सरळ जमिनीवर गादीच टाकू.

सिंहगड रोडला आमच्या मागच्या गल्लीत एक छोटा गादी कारखाना आहे. मी अडीच बाय पाचची गादी सांगायला गेले होते. तिथले काका दाभणाने टाके घालत बसलेले, भुवयांवर, पापण्यांवर सगळा कापूस, त्यांनी मान वर करून पहिलं विचारलं, "तुम्ही पण झोपणार का बाजूला?" हो म्हटल्यावर म्हणाले मग चार बाय सहा करा, नाहीतर तुम्ही अर्ध्या फरशीवर याल, या दिवसांत गारठा नको. दुसरा प्रश्न, रात्री ओलं करते का. करते. मग गादीला साध्या खोळीवर एक चेनवाली खोळ दिली, धुवायला काढता येते, आणि वर ड्राय शीट टाकायलाच सांगितलं, कारण कापसात एकदा ओल गेली की वास जात नाही. कापूस मूठ दाबून दाखवला, भसकन बसला नाही पाहिजे म्हणे. सगळं मिळून ३,२०० रुपये पडले. दोन दिवस सांगितले होते, लागले पाच, आणि घरी आल्यावर एका कोपऱ्याची शिवण उसवलेली निघाली, पण फोन केल्यावर संध्याकाळी त्यांचा मुलगा सुई-दोरा घेऊन घरी येऊन शिवून गेला.

पहिल्या तीन रात्री काही फरक नाही. उलट मोकळीक मिळाल्यामुळे ती उठून दारापर्यंत जायची, म्हणून आम्ही खोलीतल्या प्लगला कव्हरं लावली आणि कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं केलं, हे आधीच करायला हवं होतं. चौथ्या रात्री मी कुशीवर पडून होते, ती उठली, हात फिरवला, माझ्या गाऊनचं बटण सापडलं, ते धरून परत झोपली. उचलणं नाही, खांदा नाही. आता दोनदा उठते, कधी एकदा. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तिथे आता बाबा पण झोपू शकतो, रात्री दोननंतरची पाळी त्याची. नदीकाठचा ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकू येतो तरी साडेनऊला डोळा लागतो तिचा. या वयाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आमचे नऊ पण होत नव्हते, आता साडेअकरापर्यंत आलोय.

त्रास पण सांगते. जमिनीवरून उठणं मला जड जातं, आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर आणि मग खुर्ची धरून, म्हणून खुर्ची कायम गादीशेजारी. गादी दहा-बारा किलोची आहे, तुम्ही उचलू नका, नवऱ्याला सांगा. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते म्हणून खाली चटई आणि रोज सकाळी गादी भिंतीला उभी, ऊन पडलं की गॅलरीत. हे नाही केलं तर खालून बुरशी धरेल.

आणि एक महत्त्वाचं. काका म्हणाले येणाऱ्या बाळाची पण छोटी गादी आणि राईची उशी करून देतो, सासूबाईंनाही ते हवं होतं. आम्ही नाही घेतली. तान्ह्या बाळाला कडक सपाट गादी, उशी नाही, दुलई नाही, आणि मोठ्या भावंडाच्या अंथरुणात तर अजिबात नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तो जुना कॉट आता बाळासाठी पुसून माझ्या पलंगाशेजारी लावलाय, ओवीनेच ओल्या फडक्याने कठडे पुसले.

जाणार असाल तर खोलीचं माप फुटात घेऊन जा आणि दार उघडायला जागा उरते का बघा, आमचं दार आता गादीला घासतं.