मार्चमधल्या तीन निवडी: कूलरच्या ताट्या, माठ आणि पन्हं

होळी झाली की नागपुरात कूलर खाली उतरतो. बाहेर पळस फुललेला असतो, दुपारी ऊन चटके देऊ लागतं, पण रात्री अजून पंख्यावर भागतं. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंची पाण्याने भिजणारी, हवा गार करून आत सोडणारी भरणं, बदलायला हीच सवड असते. एप्रिल लागला की कारागिराला वेळ नसतो आणि घाईत मिळेल ते भरून घ्यावं लागतं. या महिन्यात मनापासून आवडणाऱ्या तीन गोष्टींत म्हणून पहिला मान ताट्यांचा. कूलर नेहमीचाच धरला आहे: लोखंडी बॉडीचा, तीन बाजूंनी ताट्या असलेला, खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला.

आधी वूडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक, कुरळे तंतू. स्वस्त आहे, पाणी लगेच पितं, आणि पहिल्या आठवड्यात त्याच्यासारखी गार हवा दुसरं काही देत नाही, असं मला तरी वाटतं. अडचण एकच, पण ती नेमकी नको त्या वेळी येते. वूडवूल बसतं. महिनाभर ओलं राहिलं की तंतू मऊ पडतात, स्वतःच्या वजनाने खाली घसरतात आणि ताटीचा माथा तीन-चार बोटं उघडा पडतो. पंखा हवा ओढतो ती सगळ्यात मोकळ्या वाटेने. खालची ताटी चिंब ओली असली तरी वरच्या फटीतून कोरडी, तापलेली हवा सरळ खोलीत येते. घरात वाटतं मोटर कमी पाणी फेकते आहे, म्हणून मोटर बदलली जाते आणि फट तशीच राहते. तपासायचं असेल तर भर उन्हात कूलरचा प्लग काढून आतल्या बाजूने बघा. ताटीच्या माथ्यावर उजेडाची पट्टी दिसली तर दोष तिथेच आहे. हे साधारण मे महिन्यात होतं, म्हणजे नवतपा, मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोंडावर असताना.

उपाय आहे, पण तो भरतानाच करावा लागतो. वूडवूलचे गोळे हाताने नीट पिंजून घ्यायचे, वरच्या चौथ्या भागात थोडं जास्त भरायचं, दोन्ही बाजूंनी नायलॉनची जाळी लावायची आणि वीतभर अंतरावर प्लास्टिकच्या दोरीने आरपार टाके घालायचे. सुतळी नको, ती महिन्याभरात कुजते. फार दाबूनही भरू नका, हवाच येईनाशी होते. एवढं केलं तर ताटी हंगामभर टिकते. पुढच्या वर्षी मात्र ती फेकायचीच. तंतूंचा चुरा टाकीत उतरून मोटरची जाळी बुजवतो, त्यामुळे दर आठवड्याला ती जाळी काढून धुवावी लागते.

पोळ्यासारख्या जाळीची हनीकॉम्ब ताटी अशी खाली बसत नाही. माझ्या लेखी निवड इथेच झाली. कागदी लगद्याची ही जाड ताटी काळजी घेतली तर दोन-तीन हंगाम सहज काढते आणि माथा कधीच उघडा पडत नाही. पण जुन्या कूलरमध्ये ती नुसती नेऊन कोंबली तर निराशा होईल. वूडवूलची चौकट पातळ असते. तिच्यात बसते म्हणून दोन इंची हनीकॉम्ब घेतली तर हवा जेमतेम गार होते. चार इंच जाडीची घ्या आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकट खोल करून घ्या. कडेला फट राहिली तर फोमची पट्टी ठासा. बसवताना तिरक्या पन्हाळ्यांची, म्हणजे ताटीतल्या नागमोडी खाचांची, दिशा पाहा. काही ताट्यांत एका दिशेच्या पन्हाळ्या जास्त उभ्या असतात. त्यांचा उतार बाहेरच्या, म्हणजे हवा आत येते त्या बाजूला हवा. उलटं बसलं तर पाण्याचे थेंब आत उडून थेट खोलीत येतात.

आणखी एक फरक दुकानात कुणी सांगत नाही. वूडवूलमध्ये पाणी आडवं पसरतं, हनीकॉम्बमध्ये फारसं पसरत नाही. वरच्या पाइपाचं एखादं भोक बुजलं की त्याखाली वरपासून खालपर्यंत कोरडा पट्टा पडतो. म्हणून कूलर लेव्हलमध्ये ठेवा आणि पंधरा दिवसांनी सगळी भोकं सुईने मोकळी करा.

हनीकॉम्बचा खरा वैरी क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात आणि टाकीतलं पाणी रोज जास्त जड होत जातं. पेंच-कन्हान या नद्यांचं, शहराच्या नळाला येणारं पाणी असेल तर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून भरली की भागतं. त्याने डासांच्या अळ्याही होत नाहीत. बोअरचंच पाणी वापरायचं असेल तर एका हंगामात ताटीवर पांढरा, कुरकुरीत थर चढतो आणि तिचं टिकाऊपण कागदावरच राहतं. अशा घरी मी वूडवूलच सुचवेन, दरवर्षी नवं. नळाचं पाणी असेल तर बिनदिक्कत हनीकॉम्ब. पहिले काही दिवस तिला कागदाचा वास येतो. दोन-तीनदा पाणी फिरवून टाकी ओतून द्या, जातो. पुढे कुबट वास येऊ नये म्हणून सकाळी मोटर बंद करून अर्धा तास नुसता पंखा चालू ठेवा, ताटी वाळते. कुठलीही ताटी घ्या, पण लोखंडी कूलरला अर्थिंगची तीन पिनी तार हवीच, आणि पाणी भरताना प्लग बाहेर.

राहिला वाळा. त्या वासासाठी जीव टाकणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांचं चुकत नाही. पण ताटी म्हणून वाळा दाट बसतो, हवा अडवतो, पहिल्या आठवड्यात टाकीतलं पाणी चहासारखं लाल करतो आणि वास फार तर पंधरा-वीस दिवस दरवळतो. पैसे त्या वासाचेच मोजायचे असतात. माझ्या मते वाळ्याची खरी जागा माठात आहे.

त्यामुळे दुसरी निवड माठाची. काळा की लाल यावर वाद होतो, पण रंग भट्टीतल्या धुराचा असतो. गारवा ठरतो माठ किती पाझरतो त्यावर. बाहेरून ऑइल पेंटची नक्षी काढलेला माठ घेऊ नका. रंगाने छिद्रं बुजतात आणि माठाला घाम येत नाही. बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत वाजला तर चांगला, बद वाजला तर कुठेतरी तडा आहे. घरी आणून चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, नारळाच्या शेंडीने घासा, साबण अजिबात लावू नका. मग ओल्या वाळूवर, वारा लागेल तिथे ठेवा. नळ बसवलेला माठ मुलांना सोपा पडतो, पण वॉशरपाशी हमखास गळतो. मला साधा माठ आणि लांब दांड्याचा डोया बरा वाटतो. मागच्या वर्षीचा माठ तसा गार करत नाही, कारण त्याच्याही छिद्रांत क्षारच बसलेले असतात. वाळ्याची बोटभर जाडीची जुडी आधी दोन पाण्यांत धुऊन घ्या, दोऱ्याने बांधा आणि माठात सोडा. दर तीन दिवसांनी काढून उन्हात कडक वाळवा, पुन्हा सोडा. खरा वाळा वाळवून भिजवला तरी पुन्हा वास देतो. अत्तर शिंपडलेला असेल तर दुसऱ्या पाण्यातच फसवणूक कळते.

पन्ह्याचं थोडक्यात. कैरी उकडायची की भाजायची? उकडलेली सोयीची: कुकरमध्ये भांड्यात पाणी न घालता दोन शिट्ट्या, एक वाटी गराला दीड वाटी गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. हा गर फ्रीजमध्ये आठ दिवस राहतो. पण उन्हातून आलेल्या माणसासाठी मी भाजलेलीच घेईन. मंद आचेवर फिरवत साल पूर्ण काळी होईपर्यंत भाजायची, सुरी आरपार गेली की झाली. झाकून गार होऊ द्या, सालीचे काळे कण गरात जाऊ देऊ नका, पन्हं कडू होतं. गूळ एकच वाटी, सैंधव आणि भाजलेलं जिरं सढळ, आणि पाणी वाळा घातलेल्या माठातलं. त्याच दिवशी संपवा.