पाकीट पणजीचं, गर बिसाऊचा: डब्ल्यू-३२० काजू, अर्धा किलो

पणजी-म्हापशाच्या दुकानांत पर्यटकांसाठी रचलेल्या काजूच्या पाकिटांवर माड, होडी आणि मोठ्या अक्षरांत ‘गोवा’ असतं. आतला गर बऱ्याचदा पश्चिम आफ्रिकेच्या बियांचा. इथल्या कारखान्यांना पुरेल एवढी बी गोव्यात पिकतच नाही, तेव्हा आयातीला नाक मुरडण्यात अर्थ नाही. उलट तिथल्या गिनी-बिसाऊ (थोडक्यात बिसाऊ) या देशाची बी व्यापारी मुद्दाम मागून घेतात, कारण तिचा उतारा चांगला असतो: ८० किलोच्या पोत्यामागे ५० पौंड किंवा त्याहून जास्त गर, म्हणजे २८ टक्क्यांच्या वर.

आधी मोजून घ्या. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. १०० ग्रॅमला ६६ ते ७० भरायला हवेत. ७५ भरले तर खालची प्रत मिसळली आहे. डब्ल्यू-२४० सांगून विकत असतील तर १०० ग्रॅमला ४८ ते ५३.

चवीचं म्हणाल तर ताज्या हंगामाची बिसाऊची बी फिकट, दाताखाली कडक, पण आपल्या गावठी काजूइतकी गोड नाही. मिठाच्या, मिऱ्याच्या काजूला उत्तम, वाटणालाही. सालीसकट भाजून खायचा असेल तर मात्र गावठीच घ्यावा. बिब्ब्यांच्या, म्हणजे ओल्या काजूगरांच्या, उसळीला हा सुका गर भिजवून घालणारे आहेत. खुशाल घालावा, फक्त त्याला बिब्ब्यांची उसळ म्हणू नये.

खरी मेख आहे ती बी किती काळ पडून होती यात, आणि ते बिसाऊच्या राजकारणावर ठरतं. जेमतेम दहा गोवे मावतील एवढा हा देश, एकेकाळी आपल्यासारखाच पोर्तुगीजांच्या ताब्यातला. निर्यात जवळजवळ सगळी काजूची, तीही कच्च्या बियांची. गिऱ्हाईक मुख्यतः भारत आणि व्हिएतनाम. हंगाम मार्चअखेर सुरू होतो, मेअखेरीपासून पाऊस. त्या दोन महिन्यांत बी उन्हात वाळून पोत्यात आणि पोतं जहाजावर चढलं तर ठीक. नाहीतर गोदामात दमट हवेत ओल धरते, गरावर काळे ठिपके येतात, तेल खवट होतं. पुढे आपल्या पावसाळ्यात इथे उतरली की उरलीसुरली कसर निघते.

काही बंडं नेमकी या दिवसांच्या आगेमागे झाली. १२ एप्रिल २०१२ ला अध्यक्षीय निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लष्कराने सत्ता घेतली आणि त्या वर्षी निर्यात घसरली. त्याआधी ७ जून १९९८ ला युद्ध पेटलं. शेजारच्या सेनेगलमधल्या कासामान्सच्या बंडखोरांना शस्त्रं पुरवल्याचा ठपका ठेवून अध्यक्ष नीनो व्हिएरांनी सेनाप्रमुख आन्सुमाने माने यांना काढलं. माने उलटले, सेनेगल आणि गिनीच्या फौजा व्हिएरांच्या मदतीला आल्या, तरी मे १९९९ मध्ये त्यांची सत्ता गेलीच. पुन्हा निवडून आले ते २००५ मध्ये, आणि २ मार्च २००९ ला सैनिकांनी त्यांना ठार केलं. अलीकडचं बंड २६ नोव्हेंबर २०२५ चं, निवडणुकीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी. बियांपुरतं बोलायचं तर ते हंगामाबाहेर झालं.

बंड नसलं तरी सरकारचा भाव असतोच. २०१८ मध्ये अध्यक्षांनी किलोला १००० सीएफए फ्रँक (तिथलं चलन) भाव जाहीर केला. शेतकरी त्यावर अडून बसले, व्यापारी फिरकले नाहीत, बी घरात राहिली. अशा वेळी माल कासामान्समार्गे चोरून सरहद्दीपार जातो, आणि मग कागदावरचा देशही बदलतो. म्हणून पाकिटावर देश लिहिला तरी तेवढ्याने भागत नाही. बी कोणत्या वर्षाची ते हवं. हे एकाही दुकानदाराला आवडणार नाही.

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे ‘गोव्याचा’ म्हणून जादा पैसे मागत असतील तर त्या पाकिटावर मानांकनाचं चिन्ह शोधा. नसेल तर आयात मालाचाच भाव द्या, घासाघीस करून.

पाकीट फोडल्यावर एक गर दोन फाकांत उघडा. मधल्या पोकळीत पिवळट-तपकिरी छटा, किंवा पापुद्र्याचे तुकडे घट्ट चिकटलेले दिसले तर बी जुनी. वास घ्या, तिळाच्या जुन्या तेलाचा आला तर परत करा, भाजून तो जात नाही. मऊ पडलेला पण वास नसलेला गर मंद आचेवर, सतत हलवत ८-१० मिनिटं परतला की पुन्हा कडक होतो. पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा, आणि जून ते सप्टेंबर ती फ्रिजमध्ये ठेवा.