पॅक २०२४: चुका दाखवतं, दुरुस्ती मात्र तुमची तुम्ही करा

आधी निकाल सांगते. ॲक्सेसिबल, म्हणजे दृष्टिहीनांनाही वाचता येईल अशी, पीडीएफ करून देण्याचे पैसे घेत असाल आणि तुमच्या मशीनवर पॅक नसेल, तर गिऱ्हाईकाला फसवताय.

पॅक म्हणजे पीडीएफ ॲक्सेसिबिलिटी चेकर. मूळ स्वित्झर्लंडचं, आता ॲक्सेस फोर ही कंपनी सांभाळते. पूर्ण फुकट, पण चालतं फक्त विंडोजवर. मी सांगलीत डीटीपी करते, जास्त करून पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. हल्ली ऑर्डरसोबतच ‘दृष्टिहीन सभासदांना वाचता आली पाहिजे’ असं सांगून फाइल मागतात. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आपली सुबक मांडणी दिसत नाही, तो पानामागचे टॅग, म्हणजे न दिसणाऱ्या खुणा, वाचतो. मथळा कुठला, परिच्छेद कुठला, तक्त्यातला आकडा कोणत्या रकान्यातला, हे सगळं टॅग सांगतात. दिसायला झकास असलेला अहवाल म्हणून ऐकायला भयंकर असू शकतो.

फाइल पॅकच्या खिडकीत ओढून टाकायची. पीडीएफ-यूए (ॲक्सेसिबल पीडीएफचं मानक), डब्ल्यूसीएजी (वेबच्या ॲक्सेसिबिलिटीचे नियम) आणि क्वालिटी असे तीन निकाल समोर येतात. पहिल्यांदा टाकणाऱ्याला लाल फुल्या बघून घाम फुटतो. घाबरू नका, बहुतेक गर्दी एकाच तक्रारीची असते, ‘पाथ ऑब्जेक्ट नॉट टॅग्ड’. म्हणजे तुम्ही शोभेला मारलेल्या रेघा! प्रत्येक पानावरची प्रत्येक रेघ वेगळी मोजली जाते. त्यांना ‘आर्टिफॅक्ट’, म्हणजे नुसती सजावट, ठरवलं की स्क्रीन रीडर त्या सोडून पुढे जातो. ॲक्रोबॅट या पीडीएफ दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक पकडत बसण्यापेक्षा, जिथं पानं मांडली त्या इनडिझाइनमध्येच ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट ऑप्शन्समधल्या टॅग्ड पीडीएफमध्ये जाऊन आर्टिफॅक्ट निवडा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा. पीडीएफमध्ये केलेली डागडुजी अध्यक्षांनी मनोगतात एक शब्द बदलला की पाण्यात जाते. आणि अध्यक्ष शब्द बदलतातच.

खरी डोकेदुखी नफा-तोटा पत्रकाची. ‘टेबल हेडर सेलला जोडलेले खाने नाहीत’ अशा अर्थाची तक्रार आली, की समजायचं मथळ्याला स्कोप, म्हणजे तो रकान्याचा की ओळीचा ही खूण, दिलेला नाही. ऐकणाऱ्याला नुसता आकडा कानावर पडतो, पण तो चालू वर्षाचा की मागच्या वर्षाचा, काही पत्ता नाही. ॲक्रोबॅटच्या टेबल एडिटरमध्ये त्या खान्याचं स्कोप ‘कॉलम’ केलं की तक्रार जाते. एकत्र केलेले खाने असतील तर मात्र चहा घेऊनच बसा.

पॅकमधली माझी सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे स्क्रीन रीडर प्रीव्ह्यू. सगळी सजावट काढून टॅगांच्या क्रमानं मजकूर समोर ठेवतो. संचालकांची नावं आधी आणि ‘संचालक मंडळ’ हा मथळा सगळ्यांच्या शेवटी, असले घोळ तिथं लगेच दिसतात.

आता आपल्या भाषेची गोष्ट, कारण इथं पॅकवर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. जुन्या कृती देव फॉन्टमधली फाइल घ्या. पानावर ‘मराठी’ दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं असतात ई, जे, के, बी, एच. पॅकच्या लेखी ती रीतसर अक्षरं आहेत, त्यामुळे हिरवी खूण मिळू शकते. स्क्रीन रीडर मात्र तीच इंग्रजी अक्षरं बडबडतो. तसंच भाषेचं. कागदपत्राची भाषा ‘इंग्रजी’ लावलेली असली तरी भाषा दिलेली आहे एवढं तपासून पॅक खूश. ती मराठी करायची आपणच. फोटोच्या पर्यायी मजकुरातही, म्हणजे न बघणाऱ्यासाठी लिहिलेल्या वर्णनातही, तेच. तिथं ‘फोटो’ एवढंच लिहिलं तरी मजकूर आहे म्हणून पास. पीडीएफ-यूएच्या चुकांच्या १३६ तऱ्हा मॅटरहॉर्न प्रोटोकॉल या तपासणीच्या यादीत मांडल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच माणसानंच तपासायच्या आहेत. एका ग्राहकानं मला ‘पॅक पास’चा रिपोर्ट जोडलेली दुसरीकडची फाइल दाखवली होती. आतला प्रत्येक फोटो ‘इमेज १’, ‘इमेज २’. रिपोर्ट अगदी स्वच्छ!

म्हणून पॅकनंतर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून किमान दोन पानं ऐका. तेही फुकट आहे आणि मराठी आवाज त्यात आहे. आवाज यांत्रिक आहे, पण क्रम चुकला की कानाला लगेच टोचतो.

पॅक स्वतः एक टॅगही बदलत नाही, पीडीएफमधल्या दुरुस्तीला ॲक्रोबॅट प्रोसारखं पैसे मोजून घ्यायचं सॉफ्टवेअर लागतं. छोट्या दुकानाला तो खर्च जड आहे. वर्डमध्ये काम करणाऱ्यांनी निदान ‘प्रिंट टू पीडीएफ’ची सवय सोडावी, त्यात सगळे टॅग उडतात. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा आणि टॅगांच्या पर्यायावर खूण आहे ना ते बघा. मी हल्ली कोटेशनमध्ये तक्त्यांचा दर पानांपेक्षा वेगळा लावते. कुणी कुरकुर केली की त्यांच्याच मागच्या वर्षीच्या अहवालाचा प्रीव्ह्यू उघडून दाखवते.