अनुभवाची कथा करायचीय: कार्यशाळा की एकच मार्गदर्शक?

निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी विचारलंय: रात्रपाळीचे अनुभव कथेत आणायचे तर दोन दिवसांच्या कार्यशाळेला जावं, की एखाद्या मुरलेल्या लेखकाला लिखाण दाखवत राहावं? 'दोन दिवसांत लेखक व्हा' छापाच्या जाहिराती सोडूनच द्या.

पैशाच्या बाबतीत कार्यशाळा परवडते. मार्गदर्शक महाग, ओळखीतला असेल तर चहावरही भागतं म्हणा.

खरा फरक पडतो तो लिखाणाकडे किती लक्ष मिळतं यात. कार्यशाळेतल्या वीस जणांत तुमच्या वाट्याला दहा मिनिटं आली तरी खूप. मात्र अनोळखी लोकांसमोर वाचताना ऐकणारे कुठे चुळबुळतात ते लगेच कळतं, आणि हे एकटा मार्गदर्शक देऊ शकत नाही. पुढचं काम किचकट. 'पण हे खरंच घडलं होतं!' असं प्रत्येक नवा लेखक म्हणतो. घडलं असेल, पण कागदावर पटत नाही. मग तीन डॉक्टरांचा एक करावा लागतो, घटनांचा क्रम हलवावा लागतो, कधी निवेदन 'मी'कडून काढून आयाबाईकडे द्यावं लागतं. त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यावरही कुणीतरी पेन्सिल घेऊन बसायला हवं, आणि ते मार्गदर्शकाचंच काम. धोका एकच, कथा हळूहळू त्या मार्गदर्शकाच्या वळणाची होत जाते.

अजून एक ओळही लिहिली नसेल, भीड चेपायची असेल, तर कार्यशाळा. बाईंच्या वह्या भरलेल्या आहेत. त्यांनी मार्गदर्शकच धरावा, रुग्णांची नावं-गावं आधी बदलून.