बेळगावात जुनी डिझेल गाडी घेताना माझी झालेली फसवणूक

गेल्या दिवाळीनंतर मी बेळगावातल्या एका दलालाकडून सात वर्षे वापरलेली डिझेल गाडी ४ लाख १० हजारांना घेतली. पासिंग बेळगावचेच, म्हणजे केए-२२ चे असल्यामुळे महाराष्ट्र किंवा गोवा पासिंगच्या गाडीला लागणारी एनओसी (ना-हरकत दाखला) आणि कर्नाटकाचा रोड टॅक्स यांची कटकट नव्हती. त्या समाधानात मी गाडीची कागदपत्रे बारकाईने पाहिली आणि इंजिनाची पारख मात्र दलालाच्या शब्दावर सोडली.

मी दोनदा गाडी पाहायला गेलो आणि दोन्ही वेळा "आत्ताच धुवून आणली" असे सांगून ती चालू स्थितीतच माझ्यासमोर उभी केली गेली. बॉनेटवर हात ठेववत नव्हता इतके ते तापलेले होते. झिजलेले इंजिनही गरम असले की एका सेल्फमध्ये सुरू होते आणि ऑइलमध्ये ते घट्ट करणारे औषध ओतले की धूर व आवाज काही दिवस दबून राहतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ट्रायलही सपाट हायवेवरच झाली.

तीन आठवड्यांनी आईला घेऊन गोव्यातल्या साखळीला बहिणीकडे जाऊन परत येताना, चोर्ला घाटाच्या चढावर इंजिन नुसते ओरडत राहिले, वेग वाढेना, आत जळका वास भरला आणि मागे निळसर धुराचा पट्टा दिसू लागला. कसेबसे कणकुंबी गाठले, तेव्हा आईचे हात थरथरत होते.

खानापूरच्या मिस्त्रींनी चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडून तिथेच उलटे ठेवले, तर ते थडथडत खाली पडले आणि तोंडातून भकाभका धूर येऊ लागला. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजून आतला दाब खाली उतरत होता. मग हँडब्रेक ओढून, चौथा गियर टाकून त्यांनी क्लच सावकाश सोडला. क्लच धडधाकट असेल तर इंजिन बंद पडते, आमचे तसेच चालू राहिले. या दोन्ही तपासण्या पाच मिनिटांच्या आहेत. गाडी पाहायला जाणाऱ्याने त्या आपल्या मिस्त्रीकडून करून घ्याव्यात, सकाळी लवकर जावे आणि इंजिन आपल्यासमोर थंड असतानाच सुरू करायला लावावे.

मीटर ६२ हजार किलोमीटर दाखवत होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीत तीन वर्षांपूर्वीच १ लाख १८ हजारांचा आकडा निघाला. जाब विचारल्यावर दलालाने मात्र कन्नडमधला स्टॅम्प पेपर पुढे केला, ज्यावर "जशी आहे तशी, पाहून घेतली" असे लिहिले होते आणि खाली माझी सही होती. मी तो कोणाकडूनही वाचून घेतला नव्हता, याचे मला अजून वाईट वाटते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सर्व्हिसच्या नोंदी आणि मिस्त्रींचे लेखी म्हणणे जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला आहे. गाडी गॅरेजमध्ये इंजिन उतरवून उभी आहे.